घोंगडीची राखण

बिरूचं जावळ काढलं, ते वर्ष. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी येडू सोलापुरात लेकाकडे कायमचा राहायला आला. शुक्रवार पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबला, तेव्हा मागच्या हौद्यात एक पत्र्याची पेटी होती, एक काठी होती, घडी घातलेली काळी घोंगडी होती, आणि घोंगडीला लागून, पण तिच्यावर पाय न ठेवता, एक कुत्रा बसलेला होता. पाठीला तांबडा, पोटाला पांढरा, कान लहानपणीच कातरलेले. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. लांडगा आधी मान धरतो, म्हणून मेंढरांमागच्या कुत्र्याला असा पट्टा घालतात.

येडूची सून पूनम दारात उभी होती. कडेवर नऊ महिन्यांचा बिरुदेव, पदराला धरून आठ वर्षांची राजनंदिनी. पूनमनं सासऱ्याच्या पायावर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला, आणि मग सरळ उभी राहून म्हणाली, "मामा, घर तुमचं हाय. तुमी कवाबी या, कसंबी राहा. पण ह्याचं आत्ताच सांगते. माझ्या लेकरांना ह्याचा एक दात जरी लागला, तर त्याच दिवशी हा हितनं जाणार. मग तुमी रुसा न्हायतर रडा."

"व्हय," येडू म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तिचं काही चुकत नव्हतं.

"आणि तो पट्टा काढा आधी. हितं कुटलं लांडगं आलंय?"

येडूनं पट्टा काढून पेटीत टाकला. पट्टा निघाल्यावर कुत्र्याच्या मानेचे केस दबलेले दिसले, आणि येडूला उगाच वाटलं की आपण त्याला उघडं केलं.

कुत्र्याचं नाव कारभारी. नाव ठेवलं होतं येडूच्या बायकोनं, बाळाबाईनं. "एक कारभारी नुसता बसून खातो, दुसरा तरी कामाचा निघू दे," असं ती म्हणाली होती. पुढं ती मेंढरांच्या तळावरून "अवो कारभारी!" अशी हाक मारायची, तेव्हा दोघंही मान वळवून बघायचे आणि पोरीबाळी हसून लोळायच्या. बाळाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. येडूचे गुडघे गेले, मेंढरं वेळापूरकडच्या पुतण्याकडे गेली. कारभारीलाही तिकडेच दिला होता. तीन दिवस त्यानं पुतण्याच्या हातची भाकरी हुंगली नाही, आणि चौथ्या दिवशी पायाच्या गाद्या फाटलेला असा येडूच्या दारात येऊन पडला. नऊ वर्षांचं जनावर. त्याला आता दुसरा धनी करता येणार नव्हता. तेव्हा 'हितनं जाणार' या शब्दाचा अर्थ काय, ते येडूला एकट्याला पुरतं कळत होतं.

धनाजी, येडूचा लेक, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होता. सकाळी गेला की सांजेलाच यायचा. घर दोन खोल्यांचं, पुढं शहाबादी फरशीचं अंगण, अंगणाच्या दुसऱ्या अंगाला घरमालकीण सावित्रम्मा. ती दिवसभर उंबऱ्यात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळायची. कारभारीकडे बघून ती म्हणाली, "अय्यो, येडूमामा! हे कुत्रा आहे का पोलीस आहे?"

"दोनी हाय, सावित्रम्मा," येडू म्हणाला. पण त्याला हसू आलं नाही.

पहिल्याच दिवशी राजनंदिनीनं कारभारीपुढं उकिडवं बसून हात पुढं केला. "शेकहँड! कारभारी, शेकहँड कर!" मोबाइलमधली कुत्री असं करतात, हे तिनं पाहिलं होतं. कारभारीनं तिच्या हाताकडं पाहिलं, मग मान फिरवून बोळाकडं बघत बसला. राजनंदिनी हिरमुसली. मान फिरवण्याआधी मात्र कुत्र्याचा वरचा ओठ केसभर हलला होता. ते येडूनं एकट्यानं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी घडायचं ते घडलं. कारभारी भाकरी खात होता. येडू नळावर तोंड धूत होता. राजनंदिनी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि मागून धावत येऊन तिनं कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारली. येडूनं वळून पाहिलं तेव्हा एक फट्ट असा आवाज झाला होता, कारभारी दोन हात मागं सरला होता, आणि पोरीच्या गुलाबी फ्रॉकची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उघडी पडली होती.

येडूनं तिला उन्हात नेलं. दंड उलटासुलटा करून पाहिला. परत पाहिला. थुंकी लावून पुसून पाहिला. खरचटल्याची रेघसुद्धा नव्हती.

"लागलं का गं?"

"न्हाय."

"खरं सांग. आईची शपथ घालू का?"

"न्हाय लागलं, आज्जा." आणि मग ती रडायला लागली. "मी त्याच्यावर प्रेम केलं की! त्याला मी आवडत न्हाय."

घरात पूनम बिरूला भरवत होती, तिचं बोलणं ऐकू येत होतं. राजनंदिनीनं डोळे पुसले. "आई त्याला घालवंल?"

"घालवंल."

"मग आपण सांगायचंच न्हाय."

येडूचं वय सत्तरीला आलेलं. आठ वर्षांच्या पोरीनं खोटं बोलायचं ठरवलं, तर आज्यानं तिला अडवायला पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. कळत असून त्यानं अडवलं नाही. पेटीतून घोंगडी शिवायचा दाभण आणि काळ्या लोकरीचा दोरा काढून त्यानं ती बाही तिथल्या तिथं टाचली. संध्याकाळी राजनंदिनीनं आईला सांगितलं, "दारातल्या तारेला अडकला." पूनमनं फ्रॉक हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि खुंटीला लावला.

त्या दिवसापासून येडूच्या पोटात एक गोळा बसला. घास गिळताना तो तिथं आडवा यायचा. दार वाजलं की आधी कुत्रा कुठं आहे ते बघायचा, मग पोरगी कुठं आहे ते. संडासला जातानासुद्धा कारभारीला सोबत न्यायचा आणि बाहेर कडीला बांधायचा. सावित्रम्मा म्हणायची, "मामा, तुम्ही कुत्रा राखता का कुत्रा तुम्हाला राखतो?" सरकारी दवाखान्यात नेऊन त्यानं कारभारीला सुई टोचून आणली होती, त्याचा कागद तो बंडीच्या खिशात घेऊन हिंडायचा. जणू काही कुणी विचारलंच, तर तो कागद पुढं करून सगळं निभावेल.

पण कागदानं काही होत नाही. शेवटी त्यानं ठरवलं, दोघांनाही शिकवायचं.

"हे बघ राजे," तो नातीला म्हणाला, "तू जेवताना मागनं कुणी गळ्यात पडलं, तर चालंल का?"

"बाबा पडतात की."

"तुझं ताट कुणी पळवत न्हाय, म्हणून चालतं. ह्याच्या भाकरीवर जल्मभर कोण ना कोण टपलेलं असायचं. आणि मागनं आलेला तो चोर, एवढंच ह्याला आमी शिकवलंय. मग तू मागनं आलीस. तू त्याला कोण वाटलीस?"

"चोर?"

"मग? त्यानं चोराला धरलं. तरी कापड धरलं, कातडं न्हाय. त्याला काय तरी कळालं असंल."

"मग मी पुढनं येऊ?"

"पुढनं ये. भाकरी ठेव. चार पावलं मागं सर. आणि मग त्याच्याकडं पाठ करून बस. डोळ्यात बघायचं न्हाय."

"पाठ केली आणि तो चावला तर?"

येडू म्हणाला, "मी हाय हितं." आणि काठी घेऊन मधोमध बसला.

असं रोज. पोरगी शाळेतून यायची, भाकरीचा चतकोर ठेवायची, मोठ्यानं "एक, दोन, तीन, चार" म्हणत मागं सरायची, आणि पाठ करून पाढे म्हणत बसायची. कारभारी आधी पोरीकडं बघायचा, मग येडूकडं, मग खायचा. बाराव्या का तेराव्या दिवशी, सातचा पाढा चालू असताना, तो खाणं संपवून उठला आणि एकेक पाऊल टाकत तिच्या मागं जाऊन उभा राहिला. येडूनं काठी घट्ट धरली. कुत्र्यानं नाक पुढं केलं, तिच्या वेणीला लावलं, मानेला लावलं.

"सात साते..." राजनंदिनी थांबली. मान न वळवता हळूच म्हणाली, "आज्जा, त्याचं नाक गार हाय."

"गप. पाढा म्हण."

"सात साते एकोणपन्नास."

कारभारी तिच्या पाठीला पाठ लावून, बोळाकडं तोंड करून बसला. येडूनं काठी खाली ठेवली.

शिकायचं कुत्र्यालाही होतंच. दूधवाला चोर नाही, चेंडू म्हणजे दगड नाही, हे त्याला हळूहळू कळलं. एकदा राजनंदिनीच्या पाच मैत्रिणी अंगणात शिवणापाणी खेळायला आल्या. पोरी इकडून तिकडं पळायला लागल्या तसा कारभारी उठला, गोल फिरून एकेकीला रेटत त्यानं सगळ्यांना नळाच्या कोपऱ्यात कोंडलं आणि समोर आडवा पडून राहिला. सहा पोरी भिंतीला चिकटून उभ्या. सावित्रम्मा एवढी हसली की सुपातली तंबाखू सांडली. "मामा, मेंढरं मोजून घ्या!" येडूही हसला. पूनम खिडकीतून बघत होती. ती हसली नाही.

घोंगडीचं मात्र येडूनं फक्त राजनंदिनीला सांगितलं. तिला एकदा घोंगडीवर लोळायचं होतं, तेव्हा.

"तशी एकदम बसू नको. मी हाय तवर बस. घोंगडी म्हणजे त्याचं काम हाय. पिल्लू होता तवापासनं. मेंढी व्याली की मी कोकरू घोंगडीवर ठेवायचो, ह्याला म्हणायचो, 'राख', आणि जायचो चार कोस. माघारी येईस्तवर घोंगडीवरचं कोकरू कुणी उचलायचं न्हाय. बाळाबाईनं उचलायचं न्हाय. पाटलानं न्हाय. मी यायचो, घोंगडीवर बसायचो, कोपरा दुमडायचो, आणि म्हणायचो, 'सोड'. मग तो उठून पाणी प्यायला जायचा."

"आणि कोकरू पळालं तर?"

"माघारी आणून ठेवायचा. तोंडात धरून. एक केस उपटायचा न्हाय."

"मी घोंगडीवर बसले आणि सोड म्हणाले तर?"

"तुला बसू द्यायचं का न्हाय, ते त्यानं ठरवायचं. मी सांगून काय होत न्हाय."

हे पूनमला सांगायला हवं होतं. दोनदा तो सांगायला गेलाही. पण घोंगडीचं सांगितलं की ती विचारणार, मग अजून काय काय आहे? आणि मग फ्रॉकपर्यंत गोष्ट जाणार. तो गोळा गिळून तो माघारी आला.

संक्रांत आली. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती, शाळेला सुट्टी होती, पेठेत जिकडंतिकडं पाहुणे. पूनम राजनंदिनीला घेऊन वाणाचं सामान आणायला गेली होती. बिरूला सर्दी झालेली. त्याचं नाक चोंदलं होतं आणि तो सकाळपासून किरकिरत होता. अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. येडूनं घोंगडी अंथरली, लेकराला तिच्यावर ठेवलं. उबेनं बिरू गप्प झाला, घोंगडीचे केस ओढत बसला. नाकात घालायच्या औषधाची बाटली बघितली तर ती कोरडी. औषधाचं दुकान हमरस्त्याच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर.

"सावित्रम्मा, जरा ध्यान ठेव गं. दोन मिनिटांत येतो."

"जा की मामा. मी इथंच आहे."

येडू उठला. जाता जाता त्याचा हात घोंगडीच्या कडेवर टेकला, आणि तोंडातून शब्द गेला. पन्नास वर्षं रोज गेलेला शब्द. कुणी श्वास घेताना आठवण ठेवतं का?

दुकानातल्या पोरानं बाटली पिशवीत घातली. "आजोबा, लहान बाळाचं आहे ना? बाळ कोणापाशी ठेवलं?"

"राखणीला हाय की," येडू म्हणाला. आणि म्हणताक्षणी दाराकडं वळला.

आपण 'राख' म्हणालो.

तो दुकानाच्या पायऱ्या उतरला तोवर रस्ता भरला होता. नंदीध्वजांची मिरवणूक आली होती. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंचच उंच सजवलेल्या काठ्या, हलग्या, दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती. पुढं पोलिसांनी दोर धरलेला.

"मला पलीकडं जाऊ द्या. लेकरू हाय माजं तिकडं."

"आजोबा, ध्वज जाऊ द्या. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं न्हाईत माज्याकडं!"

"सगळ्यांचीच लेकरं आहेत, आजोबा. ढकलू नका."

दोराखालून जायला तो वाकला, पण गुडघा दुमडेना. कुणीतरी बगलेत धरून त्याला मागं ओढलं, "म्हाताऱ्याला सावलीत बसवा रे" म्हणालं. येडू बसला नाही. लोक हात जोडत होते, त्यानंही जोडले, पण त्याच्या डोळ्यांपुढं अंगण होतं. पूनम येणार. पिशव्या टाकणार. कुठलीही आई जाईल तशी सरळ लेकराकडं जाणार. कारभारी आधी नुसता उभा राहील. मग ओठ वर घेईल. ती थांबणार नाही. तिला काय ठाऊक? ठाऊक करून द्यायचं काम ज्याचं होतं, तो इथं बाटली धरून उभा आहे. आणि मग एक दात. एकच पुरे. बाळाबाईलासुद्धा त्यानं एकदा धरलं होतं, कोकरू उचलायला गेली म्हणून. मनगटावरचा तो व्रण ती मरेपर्यंत कौतुकानं दाखवायची. पूनम बाळाबाई नव्हती.

एक ध्वज गेला. दुसरा आला, त्याचा तोल सावरायला माणसं थांबली. येडूला वाटलं, आपला जीव इथंच जाणार. मग दोर खाली पडला आणि तो कसा पलीकडं आला ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही.

बोळात शिरला तर सगळं शांत. ओरडणं नाही, रडणं नाही. ते शांत असणंच त्याला जास्त लागलं. भिंत धरत धरत तो अंगणाच्या तोंडाशी आला.

पूनम नळापाशी उभी होती, दोन्ही हात तोंडावर. पिशवी उलटी पडून फरशीवर तिळगूळ सांडलेला. सावित्रम्मा उंबऱ्यात, हातात केरसुणी. तिचा लेक शिवपुत्र लोखंडी सळई घेऊन एक पाऊल पुढं. आणि अंगणाच्या मधोमध घोंगडीवर राजनंदिनी बसली होती. मांडीत बिरू. कारभारीकडं तिची पाठ होती. कारभारी तिच्या मागं, चारही पाय रोवून, शिवपुत्राकडं बघत उभा. मानेवरचे केस ताठ, दात उघडे.

"शिवूदादा, मागं सर!" राजनंदिनी बोलत होती. "त्याच्याकडं बघू नको. सळई खाली ठेव. मग तो तुला चोर न्हाय समजणार. चार पावलं मागं सर. एक... दोन..."

"पोरी, उठून ये तिकडून," शिवपुत्र म्हणाला. "मी एक घालतो टाळक्यात."

"मारलंस तर मला आधी मार!" ती बिरूला घेऊन तशीच मागं सरली, कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाठ टेकेपर्यंत. येडूनं डोळे मिटले. उघडले तेव्हा कारभारीनं हनुवटी पोरीच्या डोक्यावर टेकवली होती, आणि डोळे अजून सळईवरच होते.

"शिवपुत्रा, सळई ठेव बाबा," येडू म्हणाला. "चूक माजी हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो चालत घोंगडीपाशी गेला. गुडघा वाकेना, तर काठी टाकून हातांवर पडला आणि तसाच घोंगडीवर बसला. कोपरा धरला, दुमडला.

"सोड, कारभारी. सोड."

कुत्र्याचे केस खाली बसले. तो नळापाशी गेला, पूनमच्या पायाशी, आणि बादलीतलं पाणी प्यायला लागला. पूनम धावली आणि तिनं दोन्ही लेकरं एकदम उचलून छातीशी धरली. बिरूच्या मुठीत कुत्र्याचे चार तांबडे केस होते.

मागाहून सावित्रम्मानं सांगितलं तेव्हा कळलं. येडू गेल्यावर बिरू रांगत घोंगडीखाली उतरला. कारभारीनं त्याचं झबलं तोंडात धरून त्याला माघारी ठेवलं. तो परत उतरला, यानं परत ठेवला. सावित्रम्मा हसत बघत होती, मग पुढं गेली तर कुत्रा गुरगुरला. तेवढ्यात पूनम आली, आणि तिनं काय पाहिलं? कुत्र्याच्या तोंडात आपलं लेकरू. तिनं जी किंकाळी फोडली ती चार घरं ऐकू गेली. ती धावणार, तोच राजनंदिनीनं तिच्या साडीला लोंबकळून तिला अडवलं. "आई, थांब! ती राखण हाय! मला ठाऊक हाय!" आणि पोरगी पाठमोरी होऊन, एकेक वीत मागं सरकत घोंगडीवर जाऊन बसली. तिनं 'सोड' म्हणून पाहिलं होतं. तेवढं त्यानं ऐकलं नाही. पण बसू दिलं.

संध्याकाळी धनाजी आला. चहा कुणीच प्यायलं नव्हतं. येडूनं सगळं सांगितलं. 'राख' म्हणालो ते, घोंगडीचं लपवलं ते. मग खाली बघून म्हणाला, "आणि फ्रॉक तारेला अडकला न्हवता."

"ठाऊक हाय," पूनम म्हणाली.

"आँ?"

"मामा, गुलाबी फ्रॉकला काळी लोकर! तुमच्या नातीला वाटलं आई आंधळी हाय. तुमालाबी तसंच वाटलं?" तिचा आवाज चढला. "दोन महिने मी वाट बघतीया, आज सांगतील, उद्या सांगतील. रोज तिचे हातपाय तपासून अंघोळ घालते. मला झोप न्हाय. आणि तुमी दोघं मिळून मलाच चोर केलंत."

येडूला वाटलं होतं, गोळा आपल्या एकट्याच्या पोटात आहे.

"आबा, मग आता ह्याचं काय करायचं?" धनाजी म्हणाला.

येडू पेटीतला पट्टा काढायला उठला. "मी आणि तो जातो पुतण्याकडं. माज्या हातची खाईल तितं."

"बसा खाली," पूनम म्हणाली. "त्यानं सांगितलं तेवढं काम केलं. दात कुणाला लागला न्हाय, आणि मी काय बोलले ते माझ्या ध्यानात हाय. कुत्र्याची चूक न्हाय. तुमची हाय." तिनं दाराआडची घोंगडी उचलली, घडी घातली, सासऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. "कुत्रा राहील. ही न्हाय. माझ्या घरात ही परत जमिनीवर पडायची न्हाय."

चाळीस वर्षं येडू त्या घोंगडीवर झोपला होता. धनाजीनं कपाटातून एक नवी चादर काढून बापाच्या मांडीवर ठेवली. गुळगुळीत, फुलाफुलांची. येडूला तिच्यावर पंधरा दिवस झोप आली नाही. कारभारीसुद्धा पहिले काही दिवस घरभर हुंगत फिरला, पेटीपाशी बसला. मग राजनंदिनी चटई टाकून अभ्यासाला बसली की तिच्या पाठीला पाठ लावून बसायला लागला.

पुढं वर्षभर तसंच चाललं. बिरू त्याच्या शेपटीला धरून उभं राहायला शिकला. पूनम कुत्र्याची भाकरी ठेवून चार पावलं मागं सरायची, कुणी बघत नाही असं पाहून.

दुसऱ्या वर्षीच्या होळीच्या सुमाराला कारभारीनं खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, मूत्रपिंडं गेली. धुळवडीच्या सकाळी बोळात पोरं रंग खेळत होती, आणि तो पेटीपाशी जाऊन पडला होता. राजनंदिनी रंग खेळायला गेली नाही. पूनम आली. कमरेची किल्ली काढून तिनं पेटी उघडली आणि घोंगडी जमिनीवर अंथरली. धनाजी कुत्र्याला उचलून वर ठेवायला वाकला.

"वर नको," येडू म्हणाला. "तो कदी वर बसला न्हाय. शेजारी असू दे."

शेजारीच असू दिला. त्यानं नाक घोंगडीच्या कडेला लावलं. येडू गुडघ्यामुळे खाली बसू शकत नव्हता. त्यानं नातीकडं पाहिलं. राजनंदिनी घोंगडीवर बसली, कोपरा धरून दुमडला.

"सोड, कारभारी," ती म्हणाली. "झालं काम."

कारभारी त्याच दिवशी मेला. दोन हजार पंचवीस साल, धुळवड, शुक्रवार, सकाळी दहाच्या आत.